टॉवेलाखालचा आकडा

परवा लॅबमधल्या माझ्या जोडीदारणीनं विचारलं, "हल्ली काही चांगलं पाहिलंस का गं?" आणि मी सवयीनं मोबाईल काढून आकडा शोधायला लागले. म्हणजे बघा, पिक्चर मी पाहिलेला, दोन तास डोळे मी फोडलेले, आणि तो बरा होता की भिकार हे सांगायला मला मोबाईल लागतो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

हा रोग मला धंद्यातून लागला. मंचरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त तपासते. सकाळी पिंपळवंडीहून एसटीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं, आणि मधला सगळा वेळ नुसते आकडे. माणूस समोर बसून कितीही म्हणो, "ताई, मला काय बी झालं न्हाई," शुगर तीनशे आली की तो आजारी. दुसरा कण्हत-कुंथत येतो, रिपोर्ट नॉर्मल निघतो, की आपण त्याला सांगून मोकळे, काही नाही हो तुम्हाला. माणूस खोटं बोलेल, आकडा बोलणार नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळं मोबाईलवर पिक्चरच्या नावापुढं लोकांनी दिलेले दहापैकी आठ पूर्णांक काहीतरी दिसलं की मी हात जोडून बसते आणि पाचच्या खाली दिसलं की तिकडं ढुंकून बघत नाही.

आता खरं सांगते. आठ पूर्णांक दोनवाला एक परदेशी पिक्चर मी पाहिला. त्यात एक माणूस पाऊण तास खिडकीतून समुद्राकडं बघतो. समुद्र पण काही करत नाही. मला मेली अशी झोप आली की मान अवघडली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी म्हटलं, "अप्रतिम आहे, पण समजायला पाहिजे." आणि एकदा आईनं चार पूर्णांक सातवाला एक मराठी पिक्चर लावला, दोन जावांच्या भांडणाचा. मी आधी नाक मुरडत बसले आणि शेवटाला आईच्याच पदरानं डोळे पुसले. कोणी विचारलं तर सांगितलं, टाकाऊ आहे, बघू नका. अशी मी. हे सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे करून बसले ते कसं झालं हे तुम्हाला कळेल.

घरात आम्ही तिघं. दादा म्हणजे माझे वडील, आई, आणि मी. माझं लग्न झालं होतं. तीन वर्षांत आटोपलं आणि मी परत आले. त्या पिक्चरचं रेटिंग विचारू नका. भाऊ पिंपरीला असतो. दादा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यानं भिंतीवर लावायचा हा एवढा मोठा टीव्ही पाठवून दिला.

आम्ही धनगर. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की मढावरून माळशेज उतरून ते मेंढरं कोकणात न्यायचे. दादांनी हिंडणं सोडलं, थोडी शेती धरली आणि मेंढरांचा व्यापार सुरू केला. वाड्यावाड्यावर जाऊन मेंढरं घ्यायची आणि बाजारात नेऊन विकायची. मी सहा-सात वर्षांची असेन, तेव्हा एकदा त्यांनी मला बेल्ह्याच्या बाजारात नेलं. टेम्पोच्या हौद्यात बसवून म्हणाले, "हितनं उतरायचं न्हाई." बायामाणसांचं तिथं काय काम! मी फळीवर हनुवटी टेकवून लांबून बघत होते. दादा आणि दुसरा एक व्यापारी समोरासमोर उभे. दोघांच्या हातावर एक टॉवेल. दोघांची तोंडं मयताला आल्यासारखी. कोणी बोलत नाही, टॉवेल तेवढा मधून मधून हलतो. भोवती माणसांची ही गर्दी, पण भाव काय चाललाय हे त्या दोघांशिवाय कुणालाच कळत नव्हतं.

घरी आल्यावर दादांनी मला ते शिकवलं. एक बोट धरलं की एक. चार धरली की चार. अख्खा पंजा दाबला की पाच. पंजा दाबून वर दोन बोटं धरली की सात. दहापर्यंतचे आकडे मी पाटीवर शिकलेच नाही, टॉवेलाखाली दादांच्या हातात शिकले. तेवढंच शिकले, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

एरवी दादा तोंडानं कधी कुणाला बरं म्हणाले नाहीत. दहावीला मी शाळेत दुसरी आले. पेढे घेऊन पाया पडले तर म्हणाले, "पयली कोण आली?" लॅबचा कोर्स करून नोकरी लागली तर म्हणाले, "मंचर लांब पडतंय." आणि मी नवऱ्याकडून कायमची परत आले, दुपारच्या उन्हात दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "बॅग फाटलीया तुझी." बास. एवढं बोलून बाहेर निघून गेले. त्या दिवशी मी आईच्या मांडीत तोंड खुपसून रडले. नवऱ्यासाठी एवढी रडले नव्हते.

आणि मग गेल्या साली दादांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं सगळं, फक्त बोलता येत नाही." हे ऐकून लोकांना धीर येतो म्हणे. मला तर कापरं भरलं. आयुष्यभर खोड काढणारा माणूस, आता सगळं कळतंय आणि नुसता बघत पडलाय. मी औषध देते ते बघतायत, मी चादर बदलते ते बघतायत, आणि मनात काय म्हणत असतील देव जाणे.

म्हणून मी त्यांना पिक्चर दाखवायला लागले. दर रविवारी दुपारी एक. मला वाटलं, एवढं तरी आपण त्यांना चांगलं देऊ. आणि चांगलं म्हणजे काय, तर मोबाईलवर ज्याला सगळ्यात जास्त आकडा तो.

पहिला लावला आठ पूर्णांक नऊवाला. तुरुंगातून पळायची गोष्ट होती, हिंदीत बोलणारी. दादा उशीला टेकून शेवटपर्यंत बघत होते. संपल्यावर मी म्हटलं, "दादा, कसा होता?" विचारलं आणि जीभ चावली. बोलणार कसे ते? तर त्यांनी काय करावं? डाव्या हातानं खांद्यावरचा टॉवेल ओढला, माझ्या हातावर टाकला, आणि त्याखालून माझी दोन बोटं धरली. घट्ट. दोन!

मी हसले पण आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी पण आलं. चार महिन्यांनी दादा माझ्याशी बोलले होते. आई चुलीपुढनं धावत आली. मी सांगितलं, "दादांनी पिक्चरला दोन मार्क दिले." आई म्हणाली, "दोन? आन् त्येवढ्यासाठी रडतीस व्हय?"

मग ते नेमच झालं. पिक्चर संपला की टॉवेल, टॉवेलाखाली बोटं. मी ती मोजायची, "बरं दादा," म्हणून हात काढून घ्यायचा आणि उठून लॅबच्या जुन्या रजिस्टरात लिहून ठेवायचं. तीन रकाने आखले होते. पिक्चरचं नाव, मोबाईलवरचा आकडा, दादांचा आकडा. आठ पूर्णांक पाच, दादा दोन. आठ पूर्णांक एक, दादा दोन. आठ पूर्णांक सात, तीन. नऊला दोन दशांश कमी असलेला एक मोठ्या मुश्किलीनं शोधून काढला, भाऊ म्हणाला जगातला नावाजलेला आहे, त्याला दोन.

पहिले काही रविवार मला गंमत वाटली. मग टोचायला लागलं. हात काढून घेतला की दादा माझ्याकडं बघत राहायचे, घशातून काहीतरी आवाज करायचे, डाव्या हातानं टॉवेल चाचपायचे. मला वाटायचं, नापसंतीच चाललीय अजून. मी म्हणायची, "कळलं दादा, नाही आवडला. पुढच्या वेळी दुसरा लावते." आणि मी उठून आत जायची. आत जाऊन आईला म्हणायची, "ह्यांना ना, स्वर्गातनं पिक्चर आणून लावला तरी दोनच देतील." आई म्हणायची, "त्येंचा सोभाव हाय त्यो. तुला काय आज कळाला?"

कळला होताच की. त्याचंच तर दुःख होतं. हे पिक्चरचे मार्क नव्हतेच, हे माझे होते. दुसरी आले ते, मंचर लांब ते, बॅग फाटली ते. आता वाचा गेली तर बोटांनी चाललंय, एवढंच.

तरी मी हट्टानं शोधत राहिले. रात्री आडवी पडून लोकांची मतं वाचायची. कोण असतात ही माणसं, कुठं राहतात, काय खातात, काही माहिती नाही. एकजण लिहितो, डोळ्यांचं पारणं फिटलं. त्याच्याच खाली दुसरा लिहितो, आयुष्यातले दोन तास वाया. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे, आणि त्यांच्या भरवशावर मी माझ्या बापाला खूश करायला निघालेली!

त्यात तो मेंढरांचा पिक्चर आला. भावानं पाठवलेल्या टीव्हीवर तो आपोआपच समोर दिसायला लागला. पोस्टरवर धनगर, घोंगडी, मागं डोंगर. आकडा चार पूर्णांक तीन. मी एरवी हातही लावला नसता, पण दादांनी डाव्या हातानं पडद्याकडं बोट केलं. म्हटलं, ठीक आहे, बघा.

अगं आई गं, काय पिक्चर! पहिल्याच सीनमध्ये आमच्या घाटमाथ्यावरचं घाटघर. जीवधनचा डोंगर मी लगेच ओळखला, दादांनी माझ्या आधी ओळखला. आणि त्या घाटघरला धो धो पावसात मेंढरं चरतायत. घाटघरच्या पावसात मेंढरू टिकत नाही हे आमच्याकडचं शेंबडं पोर पण सांगेल. खुरं कुजतात, मरतात बिचारी. पावसाळ्यात धनगर मेंढरं घेऊन उलटा, कोरड्या अंगाला पळतो. त्यात पावसाच्या सीनमध्ये काळी मेंढरं, आणि पाऊस थांबला की पांढरी. धुऊन निघाली की काय! दादा घशातून असले आवाज काढायला लागले की मी घाबरले. डावा हात पडद्याकडं झटकतायत, तोंड लाल झालंय. अर्ध्यात मला बघवेना. मी विचारलं, "दादा, बंद करू?" त्यांनी टॉवेल ओढला आणि माझं एक बोट धरलं. एक. आजवर एकावर कधी गेले नव्हते. मी हात सोडवला आणि टीव्ही बंदच करून टाकला. मोबाईलवर पाहिलं तर तिथल्या एका शहाण्यानं लिहिलेलं, मेंढपाळांचं जीवन अगदी अस्सल दाखवलंय, पण गती संथ.

त्या दिवशी दादा जेवले नाहीत. आई घास घेऊन बसली तर तोंड फिरवलं. टीव्हीकडं बघायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी म्हटलं, "चुकलं दादा. असला घाणेरडा पिक्चर परत नाही लावणार." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं रागानं आलं असेल. दुसऱ्या दिवशी रजिस्टर मी माळ्यावर टाकलं आणि रविवार बंद केला.

मग दीडेक महिन्यानं चाचा आले. चाचा जुन्नरचे, मेंढरांचे जुने व्यापारी. दादा विकायचे आणि चाचा घ्यायचे, असं तीस वर्षं दोघांचं चाललेलं. बेल्ह्याच्या बाजारात मी टेम्पोतून पाहिलेला दुसरा माणूस म्हणजे हेच. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, म्हणून इतके दिवस येणं झालं नव्हतं. आले ते काळा चष्मा लावून, एसटीतनं, हातात केळ्यांची पिशवी. दादांच्या उशाशी बसले आणि पाच मिनिटं नुसते डोळे पुसत राहिले. मग मला म्हणाले, "काय म्हनतोय आमचा शेठ?"

मला आधीच भरून आलेलं. मी भडाभडा सगळं ओकले. माळ्यावरनं रजिस्टर काढून दाखवलं. "बघा चाचा, जगातले एक नंबरचे पिक्चर. एकाला दोनच्या वर दिले असतील तर शपथ. एकदा फक्त तीन. मी काही केलं तरी ह्यांना पटतच नाही."

चाचांनी चष्मा काढून रजिस्टर डोळ्यांशी धरलं. बघितलं, आणि हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, आईनं पाणी दिलं, पाणी पिऊन परत हसले. मला असा संताप आला!

"येडे पोरी," ते म्हणाले, "दोन ह्यो भाव हाय व्हय? त्यो पयला हात हाय. माल तू आनला. गिऱ्हाईक त्यो. गिऱ्हाईक पयला हात खालचाच देनार का न्हाई? मग तू काय दाबलं?"

"मी? मी काय दाबायचं? मी लिहून घेतलं."

"लिहून घेतलं." चाचा दादांकडं बघून म्हणाले, "आयकलं का शेठ? पोरीनं लिहून घेतलं!" मग माझ्याकडं वळले, आणि आता हसत नव्हते. "आन् मग?"

"मग काय, हात काढला आणि उठले."

"दर टायमाला?"

"हो."

चाचांनी रजिस्टर मिटून ठेवलं. मग हळू म्हणाले, "बेटी, जो हात पयला काढील त्यानं सौदा मोडला, ही बाजाराची रीत हाय. त्यानं दोन म्हनायचं, तू नऊ म्हनायचं, त्यानं अडीच, तू साडेआठ. तासभर चालतं. त्यातच तर समदी मजा असती. आन् तू दर रविवारी त्याच्या तोंडावर सौदा मोडून चालली गेलीस."

मी दादांकडं पाहिलं. दादा डोळे मिटून पडले होते आणि त्यांच्या कानाकडं पाण्याचा ओघळ चालला होता.

"आन् येक सांगू?" चाचा म्हणाले. "जनावर आवडलं न्हाई तर मानूस टॉवेलच काढत न्हाई. फुडं निघून जातो. ज्याला घ्यायचंय त्योच खोड काढतो. शिंग वाकडं हाय, दात पडल्यात, पाय फेंगडाय. लई मनात भरलं तर यकावर येतो."

मी उठून ओट्यापाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. एक बोट धरलं होतं त्यांनी माझं. त्यांच्या डोंगराचा, त्यांच्या मेंढरांचा पिक्चर, शिव्या घालायला एवढा जागोजाग वाव, आणि मी तो अर्ध्यात बंद केला आणि वर माफी मागितली. आणि ती बॅग. ती फाटकी बॅग मला त्या ओट्यापाशी आठवली आणि मी नळाच्या आवाजात हमसून हमसून रडले.

बाहेर चाचांनी आईकडून टीव्ही लावून घेतला होता. तोच, चार पूर्णांक तीनवाला. "आज माल माझा," ते म्हणाले. दोघं म्हातारे शेजारी शेजारी बसून बघायला लागले. काय त्यांचा गोंधळ! चाचा पडद्याला शिव्या देतायत, "आरं, मेंढरू हाय का कुत्रं? असं धरतेत व्हय?" दादा घशातून हुंकारतायत, डाव्या हातानं मांडीवर थापा मारतायत. मध्येच काळी मेंढरं पांढरी झाली तेव्हा दादांचं तोंड वाकडं होऊन गदगदायला लागलं. मला वाटलं झटका आला, मी धावले. हसत होते. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा हसत होते.

पिक्चर संपला. टॉवेल पडला. दोघांची तोंडं एका क्षणात मयताची झाली. टॉवेल हलतोय, थांबतोय, परत हलतोय. एकदा चाचा "चला, जातो मी," म्हणून उठायला लागले तर दादांनी त्यांचा हात आत ओढला. अर्धा तास चाललं असेल. आईचा चहा गार झाला. शेवटी चाचांनी दुसऱ्या हातानं टॉवेलावर थाप मारली आणि म्हणाले, "दिला!"

मी विचारलं, "कितीला तुटला भाव?"

"ते सांगायचं नसतं."

"चाचा, असं काय हो! मला नको का कळायला, त्यांना किती आवडला ते?"

"ज्येचा त्येनं हात घालून इचारायचं," चाचा म्हणाले. "येत्या ऐतवारी तू घाल."

मी त्यांना स्टँडवर सोडून आले आणि आठवडाभर हवेत होते. मोबाईल उघडलाच नाही. कुठला पिक्चर लावायचा ह्याचा विचार करायचा नव्हताच, तोच लावणार होते. एसटीत बसल्या बसल्या स्वतःच्याच बोटांवर भाव करून बघायची. नऊवर सुरू करीन, ते एकावर येतील, मी साडेआठ, ते दीड. शेजारची बाई माझ्या हाताकडं बघायची.

शुक्रवारी सकाळी मी लॅबमध्ये असताना आईचा फोन आला. मी नारायणगावच्या दवाखान्यात पोचले तोवर दादांना आत घेतलं होतं. दुसरा झटका. ह्या खेपेला डावी बाजू.

त्यांचं रक्त मीच मंचरला नेलं आणि मीच तपासलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. साखर बरोबर. किडनी बरोबर. क्षार बरोबर. एक एक कागद बाहेर येत होता आणि एका आकड्याखाली लाल रेघ नव्हती. त्या कागदांप्रमाणं माझ्या बापाला काहीएक झालेलं नव्हतं. मी ते कागद हातात धरून खुर्चीत बसून राहिले. जोडीदारीण म्हणाली, "अगं, चांगलं आहे की, सगळं नॉर्मल आहे." तिला काय सांगणार, कप्पाळ?

बारा दिवसांनी त्यांना घरी आणलं. डोळे उघडे असतात. बघतात की नाही ते कळत नाही. डॉक्टरांना विचारलं, "ह्यांना कळतं का?" तर ह्या वेळी ते म्हणाले, "सांगता येत नाही."

मी चाचांना फोन केला. म्हटलं, "चाचा, तेवढा आकडा सांगा. त्या दिवशी कितीला तुटला? तेवढाच सांगा, बाकी काही मागत नाही." ते म्हणाले, "बेटी, त्यो हाय तवर मी कसा सांगू? त्येचा आन् माझा सौदा हाय." मी फोनवर ओरडले. नाही नाही ते बोलले, एवढ्या मोठ्या माणसाला हट्टी थेरडे म्हटलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "बोल बेटी. बोल." मीच रडून फोन ठेवला.

आणि परवाच्या रविवारी दुपारी मी तो पिक्चर लावला. उशा रचून दादांना टीव्हीपुढं बसवलं. आई दाराशी लसूण सोलत बसली होती. घाटघर आलं, पाऊस आला, काळी मेंढरं आली, पांढरी झाली. चाचांच्या वाटच्या शिव्या मीच दिल्या, माझ्या अकलेप्रमाणं. "बघा दादा, काय येडी माणसं आहेत!" दादांचे डोळे पडद्यावर होते, किंवा पडद्याच्या पलीकडच्या भिंतीवर.

पिक्चर संपला. मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि खालून त्यांचा डावा हात हातात घेतला. गरम होता. "माल माझा," मी म्हटलं. "बोला."

काही नाही. मग मीच सुरू केलं. पंजा दाबला आणि वर चार बोटं. नऊ! घाटघरच्या पावसात भिजणाऱ्या मेंढरांना नऊ! शुद्धीवरचा कुठलाही धनगर हात झटकून उठला असता. त्यांनी झटकावा म्हणूनच मी नऊ म्हटलं होतं. थांबले. मग आठ दाबले. मग सात. समोरून काहीच येत नसताना मी आपला भाव खाली खाली आणत गेले. असला येडा व्यापारी बेल्ह्याच्या बाजारानं पाहिला नसेल. पाच. चार. तीन. मग त्यांची दोन बोटं धरून मी थांबले, कारण दोन हा त्यांचा भाव होता, इथं तरी त्यांनी काही म्हणायला पाहिजे होतं. "दादा," मी म्हटलं, "एक म्हणा की. खोड काढा की माझी. काढा ना."

टीव्हीवर पाटी आली. हा चित्रपट तुम्हाला कसा वाटला? खाली दोन अंगठे, एक वर आणि एक खाली. ती पाटी तशीच उभी राहिली, आम्हा दोघांच्या तोंडावर उजेड टाकत.

"अगं, संपलाय की त्यो," आई दारातनं म्हणाली. "बंद कर की टीव्ही. आन् च्या घे."

"रिमोट तिकडं राहिलाय," मी म्हटलं. "तू कर बंद. मला हात काढता येत नाही."